पिकअप खरोखर सायलेन्सरमध्येच अडकला आहे का?

वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा : त्यांच्याकडे सहा वर्षे वापरलेली गाडी आहे. इंजिन १.२ लिटरचे, चार सिलिंडरचे, पेट्रोलवर चालणारे, टर्बो (धुराच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) नसलेले. अलीकडे चढावर आणि ओव्हरटेक करताना गाडी ओढत नाही, असे त्यांना जाणवते. एका मित्राने आपल्या टर्बो गाडीचा एक्झॉस्ट (इंजिनातला धूर बाहेर नेणारी नळ्यांची रचना) बदलून घेतला आणि तिचा पिकअप चांगलाच सुधारला. त्यावरून त्यांनी एका गॅरेजमध्ये चौकशी केली. मूळचा ४५ मिलिमीटरचा पाइप काढून ६३ मिलिमीटरचा बसवावा, सायलेन्सर मोकळा घ्यावा आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग, थोडक्यात ‘कॅट’) काढून त्या जागी सरळ नळी जोडावी, असे तिथे सुचवण्यात आले. दुसऱ्या एका परिचिताने मात्र ‘बॅक प्रेशर (धुराला मागून होणारा अडथळा) गेले की इंजिनाची ताकदच जाते’ असे बजावले. घरच्यांचा आवाजाला विरोध आहे. कोणाचे ऐकावे आणि कुठवर जावे, असे त्यांनी विचारले आहे.

गाडी अलीकडे ओढेनाशी झाली आहे, असे तुम्ही लिहिले आहे आणि माझे उत्तर तिथूनच सुरू होते. ही गाडी नवी होती तेव्हाही तिला हाच पाइप आणि हाच सायलेन्सर होता आणि तेव्हा ती तुम्हाला पुरेशी वाटत होती. मग मधल्या काळात जी ताकद गेली, ती एक्झॉस्टच्या मूळ रचनेमुळे गेलेली नाही, कारण रचना बदललेलीच नाही. काहीतरी झिजले आहे, तुंबले आहे किंवा चिकटले आहे. गेलेली ताकद परत मिळवणे आणि मुळात नसलेली ताकद नव्याने आणणे ही दोन वेगवेगळी कामे आहेत. तुमच्या पत्रात ती एकमेकांत मिसळली आहेत आणि गॅरेजने तुम्हाला दुसऱ्या कामाचा उपाय पहिल्या दुखण्यावर सुचवला आहे.

म्हणून आधी तपासणी. एअर फिल्टर किती मळला आहे, स्पार्क प्लगची फट वाढली आहे का, एखादी इग्निशन कॉइल ताणावर दगा देते का, थ्रॉटल बॉडीवर काजळी साचली आहे का, इंजेक्टरचा फवारा नीट पडतो का, हे कोणताही चांगला मेकॅनिक पाहू शकतो. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्या. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच कमी निघाला, तर पुढची सगळी चर्चा तिथेच थांबते. इंजिनाबाहेरची कारणेही विसरू नका. ब्रेक किंचित चिकटून राहिले, टायरमध्ये हवा कमी असली किंवा क्लच घसरू लागला, तरी चालवणाऱ्याला गाडीत दम नाही असेच वाटते. क्लच घसरत असेल तर इंजिनाचे फेरे वाढतात, पण वेग त्या प्रमाणात वाढत नाही. ही खूण लक्षात ठेवा.

आता एक्झॉस्टकडे वळू, कारण दोष तिथेही असू शकतो. फक्त तो बहुधा पाइपच्या जाडीत नसतो, कॅटमध्ये असतो. कॅटच्या आत सिरॅमिकची जाळी असते आणि तिच्या बारीक उभ्या छिद्रांमधून सगळा धूर जातो. एखादा सिलिंडर मिसफायर करत राहिला, म्हणजे त्यातले इंधन पेटेनासे झाले, की न जळलेले पेट्रोल या जाळीत पोहोचून तिथे जळते. जाळी प्रमाणाबाहेर तापते, काही ठिकाणी वितळते आणि वाट बुजते. इंजिन ऑइल पीत असेल तर ऑइलची राख तिच्यावर थर धरते. अशी गाडी कमी फेऱ्यांवर बरी चालते, पण अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की कोणीतरी गळा धरल्यासारखी अडते. तुमच्या वर्णनाशी हे जुळते. याची परीक्षाही सोपी आहे. कॅटच्या अलीकडचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्याच्या छिद्रात दाब मोजणारा गेज बसवायचा. इंजिन गरम झाल्यावर आयडलिंगला काटा शून्याच्या आसपास राहिला पाहिजे. मिनिटाला २५०० फेऱ्यांवर इंजिन स्थिर धरल्यावर दाब सुमारे २० किलोपास्कलच्या, म्हणजे ३ पीएसआयच्या वर गेला, तर पुढे कुठेतरी अडथळा आहे असे धरतात. थोड्या वेळाच्या या तपासणीने तुमच्या अर्ध्या प्रश्नाचे उत्तर मिळेल. काटा वर चढला तर कॅट बदला, पण त्याआधी मिसफायर किंवा ऑइल जळण्याचे मूळ कारण शोधून दुरुस्त करून घ्या, नाहीतर नवा कॅटही त्याच वाटेने जाईल.

समजा सगळे ठीक निघाले आणि तरीही गाडी कमी पडते असे वाटले, तर मी तुम्हाला आणखी एक गोष्ट विचारेन : ओव्हरटेक करताना तुम्ही कोणत्या गिअरमध्ये असता? टर्बो नसलेल्या लहान पेट्रोल इंजिनाची पूर्ण शक्ती मिनिटाला ६००० फेऱ्यांच्या आसपास मिळते. शक्ती म्हणजे टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) आणि फेरे यांचा गुणाकार असल्याने २००० फेऱ्यांवर त्या शक्तीचा साधारण तिसरा हिस्साच हाती असतो. खालचा गिअर टाकून फेरे ४००० वर नेले, तर चाकांना मिळणारी शक्ती जवळजवळ दुप्पट होते. आवाज चढतो म्हणून अनेकजण हे करायला कचरतात, पण इंजिन त्याच पट्ट्यात काम करण्यासाठी बनवलेले असते. एक्झॉस्ट बदलून मिळणारी वाढ या फरकाच्या जवळपासही जात नाही.

तुमच्या मित्राचा अनुभव खोटा नाही, पण तो तुमच्या गाडीला लागू होत नाही. टर्बो गाडीत धूर आधी टर्बाइनची पाती फिरवतो. टर्बाइनच्या अलीकडचा दाब आणि पलीकडचा दाब यांच्यातला फरक जितका मोठा, तितकी ती पाती जोमाने फिरतात. म्हणून टर्बोच्या मागचा पाइप मोकळा केला की पलीकडचा दाब उतरतो आणि टर्बो लवकर जागा होतो. त्यात मित्राने ईसीयूचे (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे) रीमॅपिंगही, म्हणजे त्यातल्या आज्ञावलीत बदलही करून घेतले असतील, तर फरक स्पष्ट जाणवणारच. ते त्यांना जरूर विचारा. टर्बो असलेल्या वाचकांनी मात्र एवढे ध्यानात घ्यावे की पुष्कळ नव्या गाड्यांमध्ये ईसीयू ठरवून दिलेल्या टॉर्कच्या पलीकडे इंजिनाला जाऊ देत नाही, त्यामुळे केवळ पाइप बदलून कमाल ताकद फारशी हलत नाही. रीमॅप केल्यास क्लच, गिअरबॉक्स आणि इंजिन थंड ठेवणारी व्यवस्था यांना तो वाढीव भार झेपतो का, तेही पाहावे लागते.

आता बॅक प्रेशरबद्दल. त्या परिचितांचा इशारा अगदीच निराधार नाही, पण त्यामागचे कारण चुकीचे आहे. पिस्टन खाली पोहोचण्याच्या थोडे आधी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो. त्या क्षणी सिलिंडरमधला दाब बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असतो, त्यामुळे धुराचा एक झोत पाइपमध्ये सुटतो आणि त्याच्या पुढे दाबाची लाट धावते. तापलेल्या वायूत ही लाट सेकंदाला ५०० ते ६०० मीटर वेगाने जाते. पाइप जिथे एकदम रुंद होतो किंवा उघड्यावर संपतो, तिथे ती उलटते आणि परत येताना कमी दाबाची लाट बनून येते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटत आणि इनटेक व्हॉल्व्ह उघडत असताना ही कमी दाबाची लाट नेमकी दाराशी पोहोचली, तर सिलिंडरमधला उरलासुरला धूर ती ओढून घेते आणि ताज्या हवेला आत यायला मदत करते. इंजिनाला हवी असते ती ही ओढ आणि धुराचा टिकून राहिलेला वेग. मागून येणारा रेटा चार स्ट्रोकच्या कोणत्याही इंजिनाला नको असतो, कारण त्या रेट्याविरुद्ध धूर बाहेर ढकलण्यात पिस्टनची ताकद वाया जाते.

या ओढीची वेळ साधणे हे हेडरच्या, म्हणजे सिलिंडरांतून निघणाऱ्या पहिल्या नळ्यांच्या लांबीवर अवलंबून असते. लाट एक मीटर जाऊन परत यायला साधारण साडेतीन मिलिसेकंद घेते. तेवढ्यात क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) ३००० फेऱ्यांवर साठ-पासष्ट अंश फिरतो आणि ६००० फेऱ्यांवर त्याच्या दुप्पट. म्हणजे एकाच लांबीची नळी सगळ्या फेऱ्यांवर सारखी साथ देऊ शकत नाही. रेसिंगसाठी चार नळ्या एकदम एकीत आणणारी रचना वरच्या फेऱ्यांवर भर देते. चारांच्या दोन आणि दोनांची एक करणारी रचना मधल्या फेऱ्यांवर जास्त उपयोगी पडते आणि रस्त्यावरच्या गाडीचे आयुष्य याच फेऱ्यांमध्ये जाते. पुष्कळ नव्या इंजिनांत तर या नळ्यांचा संच (मॅनिफोल्ड) सिलिंडर हेडमध्येच ओतलेला असतो आणि तिथे बदलण्यासारखे काही नसतेच.

बॅक प्रेशरचा समज रूढ होण्यामागे दोन स्ट्रोकच्या इंजिनांचाही वाटा असावा, असे मला वाटते. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीचे अभियंते वाल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात रेसिंग मोटारसायकलींसाठी फुगीर पोटाचा आणि पुढे निमुळता होत जाणारा एक्झॉस्ट विकसित केला. तो आधी धूर ओढून घेतो आणि नंतर उलटलेल्या दाबाच्या लाटेने बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये कोंबतो. १९६१ पर्यंत त्यांच्या १२५ सीसी इंजिनाने लिटरमागे २०० अश्वशक्तीचा टप्पा गाठला होता. ही विलक्षण कामगिरी होती, पण ती दोन स्ट्रोकच्या इंजिनाची होती. तुमच्या चार स्ट्रोकच्या इंजिनात ते मिश्रण राखायचे काम व्हॉल्व्ह करतात.

मग रुंद पाइपने नुकसान का होते? ४५ ऐवजी ६३ मिलिमीटरचा पाइप घेतला तर त्याचे छेदक्षेत्र जवळजवळ दुप्पट होते आणि तेवढाच धूर त्यातून साधारण निम्म्या वेगाने वाहतो. कमी फेऱ्यांवर वेग मंदावला की ओढ ढिली पडते आणि खालचा टॉर्क घटतो, म्हणजे चढावर तुम्हाला जिथे ताकद हवी आहे नेमकी तिथेच. वरच्या फेऱ्यांवर थोडासा फायदा दिसेलही, पण तुमचे इंजिन एवढ्या पाइपला पुरेल इतका धूर मुळात देत नाही. इनटेक, व्हॉल्व्ह आणि ते उघडणारा कॅमशाफ्ट तेच असताना आत जाणारी हवा फारशी वाढत नाही, आणि आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? टर्बो नसलेल्या लहान इंजिनात कॅटच्या मागचा भाग बदलून मिळणारी वाढ दोन-चार टक्क्यांपलीकडे क्वचितच जाते.

कॅट काढण्याच्या सल्ल्याला माझा स्पष्ट विरोध आहे आणि इथे मी कोणताही मधला मार्ग सुचवणार नाही. प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियम या धातूंच्या पातळ लेपावर कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे हे तिन्ही घटक बऱ्याच अंशी निरुपद्रवी होतात. कॅट काढला की तुमच्या मागून चालणाऱ्या प्रत्येकाला, विशेषतः गाडीच्या नळीच्या उंचीवर ज्यांचे नाक असते त्या लहान मुलांना, हा धूर श्वासावाटे घ्यावा लागतो. बहुतेक देशांत रस्त्यावरच्या गाडीचा कॅट काढणे बेकायदाही आहे. एवढे करून हाती काय लागते? जाळी धडधाकट असेल तर तुमच्या इंजिनासाठी ती फारसा अडथळा नसते. खरोखर गरज पडल्यास मोठ्या छिद्रांची, प्रमाणित कॅट मिळते आणि ती दोन्ही बाजू सांभाळते.

कॅट काढल्यावर इंजिनचा दिवा लागू नये म्हणून मागच्या ऑक्सिजन सेन्सरखाली एक तुकडा घालून त्याला थोडे मागे सरकवण्याची युक्तीही तुम्हाला सुचवली जाईल. त्या सेन्सरचे काम कॅटवर लक्ष ठेवण्याचे आहे. त्याला फसवले की पुढे खरा बिघाड झाला तरी गाडी तुम्हाला सांगू शकणार नाही. पुढचा सेन्सर तर याहून नाजूक आहे, कारण हवा आणि पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १४.७ ला १ राखण्यासाठी ईसीयू त्याच्यावर विसंबून असतो. त्याच्या अलीकडे फ्लँजच्या (पाइपच्या जोडाच्या) गॅस्केटमधून किंवा वेल्डिंगच्या केसाएवढ्या भेगेतून गळती असेल, तर झोतांच्या मधल्या क्षणी दाब उतरतो आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला त्यातला ऑक्सिजन दिसतो, मिश्रणात पेट्रोल कमी आहे असे ईसीयू समजतो आणि पेट्रोल वाढवतो. गाडीचे अ‍ॅव्हरेज घसरते, प्लग काळे पडतात आणि मालक महिनोन्‌महिने इंजेक्टरला दोष देत राहतो. गळतीचा दुसरा धोका जीवावरचा आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. एक्झॉस्टचे कोणतेही काम झाल्यावर, इंजिन थंड असताना आणि गरम झाल्यावर, प्रत्येक जोडाची तपासणी करून घ्या. गाडीत बसल्यावर डोके दुखते किंवा मळमळते असे कोणी म्हणाले, तर ती गाडी दुरुस्त होईपर्यंत वापरू नका.

आता, तपासणीत इंजिन निरोगी निघाले, अपेक्षा दोन-चार टक्क्यांची ठेवली आणि तरीही चांगला एक्झॉस्ट बसवावा अशी तुमची इच्छा राहिली, तर त्यात गैर काहीच नाही. आपल्या गाडीत नीट विचार करून काही चांगले बसवण्याचा आनंद मला समजतो. कॅट आणि इंजिनापासून त्याच्यापर्यंतचे सगळे जसेच्या तसे ठेवून फक्त मागचा भाग बदला. व्यास मूळ पाइपपेक्षा चार-पाच मिलिमीटरच मोठा घ्या. वळणांच्या ठिकाणी पाइप चेपलेला नसावा, आतून आधार देऊन वाकवलेल्या पाइपचा गोल आकार वळणावरही कायम राहतो. स्टेनलेस स्टील टिकाऊ असते, पण तापल्यावर ते साध्या स्टीलपेक्षा जास्त प्रसरण पावते. एक मीटरचा पाइप ५०० अंशांनी तापला तर आठ-साडेआठ मिलिमीटर वाढतो. त्यामुळे लवचिक जोड आणि रबरी हँगर यांना हलायला जागा ठेवली नाही, तर काही महिन्यांत वेल्डिंग तडकते.

घरच्यांचा विरोध मी तांत्रिक मुद्दा म्हणूनच विचारात घेईन. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात, म्हणजे २४०० फेऱ्यांवर सेकंदाला ८०. हा खर्जातला सूर बंद केबिनमध्ये घुमतो आणि लांबच्या प्रवासात मागे बसलेल्यांचे डोके जड करतो. बाहेर उभे राहून एकदा रेस करून ऐकलेल्या आवाजावरून त्याचा अंदाज येत नाही. म्हणून मधला रेझोनेटर (ठरावीक सूर दाबणारा डबा) काढू देऊ नका आणि तोच सायलेन्सर लावलेली दुसरी गाडी मिळाली तर घरच्यांसह मोठ्या रस्त्यावर चालवून पाहा. मोठा आवाज चालवणाऱ्याचीही दिशाभूल करतो. तोच वेग, तीच ओढ, पण कानांना गाडी जास्त पळते आहे असे वाटते. नवा सायलेन्सर लावल्यावर पिकअप वाढला असे सांगणाऱ्यांपैकी अनेकांचा अनुभव प्रामाणिक असतो, पण त्याला मोजमापाचा आधार नसतो.

म्हणून मोजून पाहा. डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) बदलाआधी तीन आणि बदलानंतर तीन वेळा, त्याच गिअरमध्ये, टायरमधल्या तितक्याच हवेवर आणि शक्यतो तशाच हवामानात चाचणी घ्या. हवेचे तापमान २० वरून ३० अंशांवर गेले तर तिची घनता सुमारे ३ टक्क्यांनी उतरते, म्हणजे तुम्ही शोधत असलेला फरक एकट्या हवामानातच बुडून जाऊ शकतो. आलेखाचे टोक पाहून खूश होऊ नका. १५०० ते ३५०० फेऱ्यांमधली टॉर्कची रेषा खाली आली असेल, तर तुमच्या वापरासाठी तो बदल तोट्याचा आहे. डायनो मिळत नसेल तर परवानगी असलेल्या मोकळ्या ट्रॅकवर तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ८० किलोमीटर वेग गाठायला लागणारा वेळ दोन्ही दिशांनी मोजून सरासरी काढा. सार्वजनिक रस्त्यावर हा प्रयोग करू नका.

डिझेल गाडी असलेल्या वाचकांसाठी एवढेच सांगतो की काजळी अडवणारा फिल्टर काढण्याचा सल्ला कोणी दिला, तर कॅटबद्दल वर जे लिहिले ते त्यालाही तितकेच लागू आहे. तो वारंवार तुंबत असेल तर फिल्टर पूर्ण तापून काजळी जाळण्याइतका सलग प्रवास गाडीला मिळतो का, हे आधी पाहावे.

काम देण्याआधी वॉरंटी आणि विमा या दोन्हींच्या अटी वाचा, आणि बदल विमा कंपनीला लेखी कळवा. गॅरेजकडून पाइपचा व्यास, सायलेन्सरची आवाजाची पातळी आणि कॅट जागेवर ठेवल्याची नोंद बिलावर लिहून घ्या. निघालेला मूळ पाइप आणि सायलेन्सर गॅरेजमध्ये सोडून येऊ नका. तपासणीत हरकत निघाली, गाडी विकायची वेळ आली किंवा चार महिन्यांनी तो आवाज घरात कोणालाच सोसेना, तर तेच भाग परत बसवता येतील, पण त्यासाठी ते गंज न लागेल अशा कोरड्या जागी, हँगर आणि क्लॅम्पसह ठेवलेले असले पाहिजेत.